ऐकणाऱ्यांचा आकडा

मी लिहिलेला ड्रायव्हर, माइक चालवणारा प्रोग्राम, चुकलेला नव्हता. वसई पूर्वेच्या आमच्या गाळ्यात तीन दिवस मी हेच ओरडून सांगत होतो. २००६ सालचा आमचा नवा मोबाइल. त्यातला माइक कुठलाच प्रोग्राम वापरत नसेल तर त्याचं क्लॉक, म्हणजे त्याला जागं ठेवणारे विजेचे ठोके, थांबवायचं, की बॅटरी वाचते. वापरणाऱ्यांचा आकडा शून्य झाला की ते आपोआप थांबणार होतं.

आकडा एकाच्या खाली येईना.

“ऑस्कर, तुझाच कोड बेकार आहे,” साळवी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

माझं डोकं फिरलं. तिथे कुणालाच कळणार नाही अशी आमच्या सांडोर गावच्या बोलीतली एक सणसणीत शिवी मी हासडली.

स्क्रीनवर आकडा दोन झाला.

“सगळे प्रोग्राम तर बंद आहेत,” शेजारची विनिता म्हणाली.

“मग ऐकतंय कोण?” मी खेकसलो.

तीन.

संतापून मी सोल्डरिंग गन उचलली आणि माइकच बोर्डावरून उपटून टेबलावर फेकला. आकडा तीनच राहिला.

“आता बोलू नकोस,” विनिता कुजबुजली.

मी ओठ घट्ट मिटले. केबिनकडे पाहत तीच शिवी मनातल्या मनात दिली.

आकडा चार झाला.