बॉयलरवरची बैठक

"बसा वर," गिरणीवाले बॅरक्लफ मालक म्हणाले. "वाफेच्या दाबाचा काटा तांबड्या रेघेला टेकेपर्यंत दोघांनीही उतरायचं नाही. मागचा बॉयलर फुटला, तेव्हा माझ्या गिरणीचं छप्पर शेजारच्या गावात, ऐन लग्नाच्या जेवणाच्या टेबलावर जाऊन पडलं होतं!"

केझाया पिकल्सने ही अट खडूने बॉयलरच्या अंगावर लिहून दाखवली. तिचा नवरा जेबेझ आणि त्याचा भागीदार सायलस ओल्डरॉइड, दोघेही ठार बहिरे. जन्मभर रिव्हेट ठोकून ठोकून कानांचे दगड झाले होते. इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावच्या त्यांच्या बॉयलरच्या कारखान्यात भांडणंसुद्धा खडूनेच व्हायची.

जेबेझने वाचलं आणि मान डोलावली. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून नव्या बॉयलरवर बसणं ही त्यांची जुनीच रीत. पण आजची बैठक वेगळी होती. वर्षभरात बॅरक्लफ मालक हे एकच गिऱ्हाईक आलेलं. तेही परत गेलं, तर 'ओल्डरॉइड आणि पिकल्स' या पाटीखाली कुलूप लागणार, हे भट्टीतल्या कोळशालाही ठाऊक होतं.

दोघे चढले. जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या झडपेकडे पाठ करून शेजारी शेजारी बसले आणि रिवाजाप्रमाणे चॅपेलमधलं भजन गायला लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातून जेबेझला सायलसची फक्त हलणारी दाढी दिसत होती. तरुणपणी याच सायलसचा आवाज ऐकून त्याने चॅपेलच्या बाकावरच भागीदारी ठरवली होती. बॉयलर बनवता येतो का, हे मागाहून विचारलं. तो आवाज कानी पडून आता जमाना लोटला होता.

काटा रेघेला टेकला. जेबेझच्या बुडाखालचं लोखंड थरथरलं. ती थरथर कण्यातून चढत चढत थेट टाळूला भिडली. भरदार, एकसंध, कुठेही न तुटणारी. सायलस! म्हाताऱ्याला सूर सापडला की! जेबेझने स्वतःचं गाणं थांबवलं आणि सुखाने डोळे मिटले.

मिटले नसते, तर समोरची पळापळ दिसली असती. पाठीमागे झडप उघडून अशी किंचाळली, की कालव्यातली बदकं उडाली ती थेट दूरच्या रॉचडेल गावाला जाऊन उतरली. मालकांची माणसं भिंतीपलीकडे आणि खुद्द मालक हातगाडीखाली. केझाया तेवढी कानांवर हात ठेवून जागच्या जागी उभी राहिली.

वाफ ओसरल्यावर मालक रांगत बाहेर आले. टोपीचा चेंदामेंदा झाला होता.

"माणसं आहेत का खांब? अहो, झडप एवढी बोंबलली, आणि हे दोघं डोळे मिटून डुलतायत!"

"आमची झडप वेळेवर उघडते, मालक," केझाया म्हणाली. "मग बसल्या जागेवरून उठायचं कशाला?"

मालकांनी बॉयलरभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी वर बसलेल्यांना तीन बोटं दाखवली. "हा तर नेतोच. आणि असेच आणखी तीन!"

केझायाने ते एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, की अर्धा बॉयलर पांढरा झाला. दोघे म्हातारे खाली उतरले आणि लाकडी तळव्यांचे बूट आपटत एकमेकांभोवती नाचले. दम लागल्यावर जेबेझने खडू मागून घेतला आणि लिहिलं, "काय आवाज लागला होता लेका तुझा आज!"

सायलसने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग खडू घेऊन त्याखाली लिहिलं, "माझा? मी तर दुसऱ्या कडव्यालाच गप्प झालो. तुझं ऐकत होतो."

दोघांनी केझायाकडे पाहिलं. तिने सायलसच्या हातातून खडू घेतला, बॉयलरला टेकवला आणि मान वळवून वरच्या झडपेकडे पाहिलं. मग काही न लिहिताच तो एप्रनच्या खिशात टाकून ती चहाचं बघायला आत गेली.