स्टीलचा दांडा

"दांडा सोड बेटा, मी आहे ना," असं कोच सर तीन आठवडे सांगत होते, पण माझी सहा वर्षांची मुलगी मैत्री काही स्विमिंग पूलच्या कडेचा स्टीलचा दांडा सोडायला तयार नव्हती. शेवटी सर म्हणाले, "घरातलं कुणीतरी तिच्याबरोबर पाण्यात उतरा." आता आमच्या घरात पोहायला येतंय कुणाला? मला पाण्याची भीती, नवऱ्याची तुर्भ्याला रविवारीही ड्युटी. "मी उतरतो," माझे सासरे म्हणाले आणि मला टेन्शनच आलं. अण्णा सत्तरीचे. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावात पोरं विहिरीत उड्या मारायची, तेव्हा अण्णांसारख्या बौद्धवाड्यातल्या पोरांना विहिरीजवळ फिरकू देत नसत. त्यांनी लांबूनच बघायचं. रविवारी अण्णा रबरी टोपी घालून शिडीवरून खाली उतरले. पाणी जेमतेम कमरेला लागत होतं, तरी त्यांनी शिडी दोन्ही हातांनी गच्च धरली. ते मैत्रीने चार-पाच हातांवरून बघितलं आणि दांडा सोडला. पाय झाडत, नाकातोंडात पाणी गेलं तरी न थांबता ती त्यांच्यापर्यंत पोचली आणि खोकत म्हणाली, "शिडी सोडा आजोबा, मी आहे ना." अण्णांनी एक हात सोडला. मग दुसरा. सर मागून हसत म्हणाले, "मैत्री, आजोबांना थँक्यू म्हण." "थँक्यू तर मी म्हणायचं, सर," अण्णा तिचा हात धरून म्हणाले. "सत्तर वर्षं मी लांबूनच बघत होतो."