घोड्याचे तीन गुण

पिंपरीच्या नव्या कारखान्यातली यंत्रं पाहून हिंदुरावांना सुचलं, बुद्धिबळही असंच डोकं न लावता जिंकता येईल. वजीर मारला तर नऊ गुण, हत्तीला पाच, उंट-घोड्याला तीन, प्याद्याला एक. जास्त गुण देईल तीच चाल. कधीच न हरलेल्या कादरमिस्त्रींपुढे त्यांनी यंत्र म्हणून बायकोला, कौशल्याबाईंना, बसवलं आणि स्वतः गप्प राहायचं कबूल केलं.

हत्ती. पाच.
उंट. तीन.

मिस्त्रींचा राजा आणि घोडा उरला. पुढच्याच चालीत मात होती. हिंदुरावांनी जीभ चावून धरली.

कौशल्याबाईंनी घोडा मारला. तीन.

"आपल्या देशी डावात एकट्या उरलेल्या राजाला मात नाही, वहिनी. बुर्जी झाली, डाव बरोबरीत," मिस्त्री हसले.

"अगं, मात दिसत नव्हती?" हिंदुराव कळवळले.

"दिसत होती की. पण तिला गुण किती, ते कुठं सांगितलंत?"