चपला कामावर

मच्छिंद्रचं बोट खालच्या बाणावर होतं आणि पाण्याचा टँकर तीनला येणार होता.

पडद्यावरची उजळ पट्टी एका नावावरून दुसऱ्या नावावर उतरत होती. साखर कारखान्याचा हा पहिलावहिला कम्प्युटर. त्यात साऱ्या ऊसवाल्यांची नावं एकाखाली एक भरलेली, आणि प्रत्येकापुढं त्याच्या उसाचा आकडा. ज्याचा आकडा राहिला असेल त्याचं रिकामं घर शोधायचं आणि भरायचं, एवढंच मच्छिंद्रचं काम. पण बाण दाबला की पट्टी एकच घर सरके. दाबून धरला की अशी सुसाट सुटे की रिकामं घर मागंच राही. मग वरचा बाण. मग पुन्हा खालचा. यातच दिवस मावळायचा.

घरी भिमाबाई बाळंतीण होती. सत्त्याऐंशीचा उन्हाळा, गावची विहीर आटलेली, आणि टँकरच्या रांगेत उभं राहायला घरात दुसरं कुणी नाही. शेजारणीनं एक-दोनदा घागर भरून दिली. पण अशा दिवसांत रोज कोण देणार? मच्छिंद्रनं सकाळीच कल्याणशेट्टी साहेबांकडं दुपारची सुटी मागितली होती. साहेब कारखान्याचे मोठे अकाउंटंट. त्यांच्या बुटांना अशी चकाकी, की ऑफिसात आधी बूट दिसत आणि मग साहेब.

"कम्प्युटर सोडून पाण्याला जाणार?" साहेब म्हणाले. "जा की. उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसेल."

म्हणून तो बसून होता. मशीनसाठी लावलेल्या गार हवेत त्याला डुलकी लागली. बोट घसरलं, 'एन्ड' लिहिलेल्या बटणावर पडलं आणि तिथून बाणावर. पट्टी गायब! मच्छिंद्र ताडकन जागा झाला. बिघडलं! गेली नोकरी! मग त्याला दिसली. पट्टी हरिबा नावाच्या ऊसवाल्याच्या आकड्यावर गुमान उभी होती, आणि हरिबाच्या खालचं घर रिकामं होतं. त्यानं आकडा भरला. भीत भीत पुन्हा एन्ड, पुन्हा बाण. पट्टी उडाली आणि पुढच्या रिकाम्या घराच्या काठावर जाऊन थांबली. 'होम' दाबलं, तर थेट पहिल्या नावावर!

"लबाडा," तो मशीनला म्हणाला, "आधी न्हाय का सांगायचं?"

दिवसाचं काम जेवणाच्या सुटीआधी संपलं. आता हे साहेबांना सांगावं, तर साहेब दुसरं काम गळ्यात मारणार. मच्छिंद्रनं डोकं खाजवलं आणि दाराबाहेर पाहिलं.

दाराबाहेर त्याच्या चपला होत्या. मशीनला धूळ चालत नाही म्हणून या खोलीत पायताण बंद. साहेबांना तर मशीनची धास्तीच; ते कधी आत पाऊल टाकत नसत. व्हरांड्याच्या टोकावरून नजर टाकायची, चपला दिसल्या की माणूस आत आहे असं समजायचं आणि मागं वळायचं. खोलीला मागचं दारही होतं. ते चिपाडाच्या ढिगाकडं उघडत होतं, आणि तिकडं दुपारचं कुत्रंही फिरकत नसे.

मच्छिंद्र अनवाणी निघाला. फुफाट्यानं तळवे भाजले, पण घागरी भरल्या. भिमाबाईनं खाटेवरून विचारलं, "चपला कुठं इसरून आलाव?"

"कामावर हायत त्या," तो म्हणाला. ती हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच हसली, आणि त्याला लई बरं वाटलं.

मग रोजच असं बिनबोभाट चालू झालं. एके दिवशी तो परत येऊन खुर्चीवर टेकतो न टेकतो, तोच बाहेर धुळाप्पा शिपायाचा आवाज आला.

"चेअरमनसाहेब, अकाउंटंट साहेब आतच हायत की. ह्ये बघा त्येंचे बूट, मच्छिंद्रच्या चपलांच्या शेजारी."

बूट बाहेर, आणि आत तर त्याच्याशिवाय कुणी नाही. म्हणजे साहेब येऊन गेले. रिकामी खुर्ची बघून मागच्या दारानं त्याला शोधायला गेले. त्याला भिमाबाई दिसली, बाळ दिसलं, आणि खुर्चीवर बसलेला दुसरा माणूस दिसला.

इतक्यात मागचं दार करकरलं.

कल्याणशेट्टी साहेब आत शिरले. अनवाणी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक खांदा ओलाचिंब, घोट्यापर्यंत चिखल. त्यांनी मच्छिंद्रच्या पायांकडं पाहिलं. मच्छिंद्रनं त्यांच्या. दोन्हीकडं टँकरखालचाच चिखल होता.

"कॉलनीचे नळ आटलेत," साहेब धापा टाकत कुजबुजले. "आमच्या मंडळी रांगेत उभ्या राहत नाहीत."

मच्छिंद्रनं दुसरी खुर्ची पुढं सरकवली. साहेबांनी पँट खाली सोडली, पाय टेबलाखाली घेतले, तोच पुढचं दार उघडून चेअरमन आत आले.

"काय साहेब, तुमी बी हितंच?" चेअरमन म्हणाले.

"शिकतोय. हा शिकवतोय मला."

"मग दावा की आमाला बी."

मच्छिंद्रनं एन्डच्या बटणाला हात लावला नाही. खालच्या बाणावर बोट ठेवलं आणि एकेक घर उतरू लागला. एक नाव. थांबला. दुसरं नाव. थांबला. चेअरमननी थोडा वेळ वाट बघितली, मग मोठी जांभई दिली.

"ह्यापरीस आमचा म्हातारा बैल बरा. साहेब, हे शिकाया किती दिस लागत्याल?"

कल्याणशेट्टी साहेबांनी मच्छिंद्रकडं पाहिलं. मच्छिंद्र पडद्याकडंच बघत राहिला.

"लई अवघड आहे, चेअरमनसाहेब," ते म्हणाले. "पाऊस पडेपर्यंत तरी येईल असं दिसत नाही."