सोवळ्यातली नासपती

श्रीधररावांनी पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली आणि वेताची खुर्ची बरोब्बर दारासमोर ओढून बसले. आता कोण जातंय बघू!

अकराच्या सुमारास मल्लेश्वरमची मंडळी येणार होती. मुलगी बघणं नुसतं नावाला. पसंती आधीच कळली होती, आज सुपारी फुटायची. एकदा ती फुटली की विद्याश्रीचं तोंड बंद आणि त्या होसकोटेच्या रविकुमारचंही.

तो तिकडे कुठल्याशा कारखान्यात कामाला होता. जातीचा नव्हे, भाषेचा नव्हे. "अण्णा, लग्न करीन तर त्याच्याशीच," असं पोरीनं तोंडावर सांगितलं, तेव्हापासून जे. पी. नगरातल्या त्या घराची पार कोठडी झाली होती. मागच्या दाराला बाहेरून कडी. फोनच्या डायलला चिमुकलं कुलूप. तिच्या चपला बापाच्या कपाटात. चिकपेटेतलं साड्यांचं दुकान बंद ठेवून बाप राखणीला. विद्याश्री रडली, उपाशी राहिली, आणि काल संध्याकाळी एकाएकी म्हणाली, "सरी अण्णा. तुम्ही म्हणाल तसं."

श्रीधररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीवर जीव होता हो त्यांचा, कोण नाही म्हणतंय!

मुलाच्या वडिलांचे सगळे दात नुकतेच काढलेले, आणि घराणं कडक सोवळ्याचं. मुलीनं स्वतःच्या हातानं, सोवळ्यात, काहीतरी मऊ करावं असा निरोप होता.

"कंपोट करते," विद्याश्री म्हणाली. इंदिरानगरला पाककलेच्या वर्गाला जायची, तिथं शिकली होती. तो रविकुमारही त्याच रस्त्यावर भेटला, पण ते जाऊ द्या.

"म्हणजे काय असतं ते?"

"पिकलेली नासपती सोलायची, फोडी करायच्या, साखरेच्या पाण्यात दालचिनी, लवंग, लिंबाची साल घालून मंद आचेवर शिजवायची. फक्त ढवळायचं नाही अण्णा. पिकलेली फोड लगेच मोडते. पातेलं नुसतं हलवायचं."

बापाला भारी कौतुक वाटलं. संसाराला लागली म्हणायची पोर!

आज सकाळी मायलेकी न्हाल्या, दोघी सोवळ्याची नऊवारी नेसल्या, डोक्यावरून पदर घेतले आणि स्वयंपाकघरात शिरल्या. मध्ये पडदा पडला. आता तिकडे कुणी फिरकायचं नाही, हा या घरचा कायदा, आणि तो श्रीधररावांनीच केलेला. सोवळ्यात बोलायचंसुद्धा नाही, थुंकी उडते. बाहेरून काही विचारलं तर पळी भांड्यावर वाजवायची. एकदा वाजली की हो, नाही वाजली की नाही. अठ्ठावीस वर्षं शकुंतलाबाई नवऱ्याशी अशाच बोलत आल्या होत्या.

तासाभरानं पडदा हलला. देवाला दाखवल्याशिवाय पाहुण्यांना काही द्यायचं नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या मठात नैवेद्य नेईन, असं शकुंतलाबाईंनी पहाटेच सांगून ठेवलं होतं. झाकलेलं पितळी पातेलं पुढं, त्यामागे नाकापर्यंत ओढलेला पदर. श्रीधररावांची ही धांदल उडाली! एकदा त्यांचाच पंचा घासला म्हणून त्यांनी बायकोला भर थंडीत पुन्हा न्हायला लावलं होतं. त्यांनी झटकन कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि श्वास रोखून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अनवाणी पावलं पायऱ्या उतरली. फाटक करकरलं.

त्यांनी पुन्हा कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली.

"विद्या, आहेस ना गं?"

टण्.

हायसं वाटलं त्यांना. आत पळी फिरत होती, एकसारखी, शांतपणे. दालचिनीचा वास घरभर सुटला होता. श्रीधरराव स्वल्प सैलावले. गेले काही दिवस पोरीशी धड बोलणंच झालं नव्हतं, आणि पडद्याशी बोलणं सोपं असतं.

"रागावलीस का गं अण्णावर?"

टण्.

"राग जाईल हळूहळू. मी काय तुझा वैरी आहे? तुझ्या आईलाही तिच्या वडलांनी असंच दिलं होतं. तीही रडली होती म्हणे. पण आता बघ, काय कमी आहे तिला? सुखात आहे की नाही?"

आतली पळी थांबली. श्रीधररावांनी कान दिला. पळी वाजली नाही. थोड्या वेळानं ती पुन्हा फिरू लागली.

लाजली असेल पोर, आईबापांच्या संसाराबद्दल काय बोलणार, असं त्यांना वाटलं.

एवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "या, या!" श्रीधररावांनी कुलूप काढून बाजूला लपवलं. मंडळी आत आली, सतरंजीवर टेकली. मुलाच्या वडलांनी बोळकं पसरून विचारलं, "वहिनी दिसत नाहीत?"

"मठात गेलीय नैवेद्य घेऊन. बसली असेल कुणाशी बोलत, बायकांची जात!" श्रीधरराव मोकळेपणानं हसले. सुपारी तबकात तयार होती. आता कसली भीती? त्यांनी ऐटीत हाक मारली, "विद्या, घेऊन ये गं बाळ!"

पडदा सरला. पदर नाकापर्यंत, मान खाली, हातात वाट्यांचं ताट. ताट श्रीधररावांच्या पुढ्यात आलं. त्यांनी वाटीत पाहिलं. फोड म्हणून एक शिल्लक नव्हती, सगळ्याचा गरगट लगदा.

"अगं, ढवळायचं नाही म्हणून तूच ना सांगितलंस?" ते पुटपुटले.

"मला कुठं येतंय ते कंपोट?" पदर मागे सारत शकुंतलाबाई म्हणाल्या.