पूर्ण दिवसाची मुलाखत

"बोटांना काय झालंय?" मुख्याध्यापक अमरसिंह सरांनी विचारलं.

भैरवीने हात टेबलाखाली ओढून घेतले. "काजूचं तेल आहे, सर. सोलताना लागतं. लवकर जात नाही."

"म्हणजे काजूच्या कारखान्यात आहात?"

"सध्या."

सरांनी तिची फाईल पुढं ओढली. कर्णबधिर मुलांना शिकवायची पदविका, अकरा वर्षं नोकरी, सात शाळा. सगळीकडे कंत्राट. दर एप्रिलला नेमणुकीची ऑर्डर संपायची, जूनमध्ये नवी येईल म्हणून वाट बघायची. गेली दोन वर्षं मात्र नवी ऑर्डर आलीच नव्हती. चाळिशी उलटलेली. आजऱ्याहून पहाटेची एसटी धरून ती कोल्हापुरात उतरली, तेव्हाच तिची कंबर मोडून आली होती. ही शेवटची मुलाखत, असं ती नवऱ्याला सांगून निघाली होती. यानंतर फक्त काजू.

"आमच्याकडे मुलाखतीची पद्धत जरा वेगळी आहे," सर म्हणाले. त्यांचेही डोळे जागरण झाल्यासारखे ओढलेले होते. "चार प्रश्न विचारून मास्तर कळत नाही. दिवसभर वर्गावर राहा. मुलांचं आणि तुमचं जमतं का, ते बघू."

"चालेल की, सर."

"अपूर्णांकांची बेरीज झालीय. वजाबाकीपासून घ्या."

कृष्णात शिपाई तिला वर्गापर्यंत सोडायला निघाला. व्हरांड्यात तिनं विचारलं, "आधीच्या बाई का सोडून गेल्या हो?"

"बदलत ऱ्हात्यात की बाई," तो म्हणाला. "ऱ्हायला कोण हाय हितं?"

वर्गात नऊ मुलं होती. ती आत शिरताच सगळी उठली. एकीनं खडू आणून दिला, दुसऱ्यानं फळा पुसला, आणि पुस्तकं नेमक्या पानावर उघडली गेली. भैरवी बघतच राहिली. नव्या माणसासमोर अशी मुलं बुजतात, एकमेकांच्या आड होतात. इथं तसं काहीच नव्हतं. आधीच्या बाईंनी फार मन लावून वळण लावलेलं दिसतंय, तिच्या मनात आलं.

तिनं हात वर केले आणि नऊच्या नऊ जणांची नजर तिच्या काळ्या बोटांवर खिळली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या मुलांशी बोलायचं तर हातांनीच. हात लपवून कसं भागणार?

पुढच्या बाकावरच्या तेजस्वीनं खुणेनं विचारलं, "भाजलं?"

"नाही. काजू खायला गोड, पण त्याचं साल चावतं," भैरवीनं खुणेनंच सांगितलं.

मुलं खळखळून हसली. मग तिला वेळेचं भान राहिलं नाही.

तेजस्वीला वजाबाकी काही केल्या उमगेना. पाचवीतली पोर, बेरीज झटक्यात करायची, पण एकातून पाव गेला की अडायची. शेवटी भैरवीनं पिशवीतून डबा काढला. भाकरी टेबलावर ठेवून तिचे चार तुकडे केले, एक उचलून तेजस्वीच्या तोंडात घातला आणि विचारलं, "आता उरली किती?"

तेजस्वीनं चावत चावत टेबलाकडे बघितलं. मग तिचे डोळे मोठे झाले. तीन बोटं, खाली आडवी रेघ, त्याखाली चार बोटं. पाठोपाठ उरलेल्या आठ जणांनाही भाकरीवरच गणित सोडवायचं होतं. दुपारी भैरवीला खायला नुसता झुणका उरला. तो तिनं उभ्याउभ्याच खाल्ला. पाय दुखत होते, पण आतून काहीतरी सैल झालं होतं. कारखान्यात दिवस संपता संपत नसे. इथं घड्याळाकडे लक्षच गेलं नाही.

साडेतीनला अमरसिंह सर दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"आठवडाभर पुरेल एवढा अभ्यास फळ्यावर देऊन जा," ते म्हणाले.

तिला हा शुभशकुन वाटला. नकोशा माणसाला कोण एवढं काम सांगेल? तिनं फळा काठोकाठ भरला.

निरोप घेताना सर उठून उभे राहिले. "फार चांगलं शिकवता तुम्ही."

"मग, सर, कधीपर्यंत..."

"आठ दिवसांत कळवतो." त्यांनी हात जोडले. नजर मात्र टेबलावरच होती. "दमवलं तुम्हाला. राग मानू नका."

"राग कसला, सर? किती दिवसांनी वर्गात उभी राहिले."

फाटकाशी येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, या खेपेला हुतंय बघा. कारखान्यात सांगून ठेवा, पुढच्या महिन्यापास्नं येणार न्हाय म्हणून." पलीकडून जोतीराम काहीतरी विचारत होता, पण घरी आल्यावर सांगते म्हणून तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात कुणीतरी पदर ओढला. मागं तेजस्वी उभी होती, शाळा सुटल्यावर पळत आलेली.

"पुढच्या सोमवारी कुठल्या बाई येणार?" तिनं खुणेनं विचारलं.

भैरवी हसली. "मीच येणार. मग रोजच येणार."

तेजस्वीनं ठामपणे मान हलवली. लहान बहिणीला समजवावं तसे तिचे हात सावकाश हलू लागले. "बाई सोमवारी येते. दर सोमवारी नवी. आलेली बाई परत येत नाही."

भैरवीचे हात हवेतच थांबले. मग तिनं विचारलं, "कधीपासून?"

"मी तिसरीत होते तेव्हापासून."