चादरीचं दुसरं टोक

"ताण की जरा! हातात जीव नाही का?" चादरीच्या पलीकडून झिपऱ्या खेकसला.

"जीव आहे. तुझ्यासारखा उतू जात नाही, एवढंच," मावशी म्हणाली.

दोघं मागं सरले. चादर ताणली. पुढं आले, टोकाला टोक लावलं. मावशीनं त्याच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली, त्यानं वाकून लोंबती घडी उचलली, आणि पुन्हा दोघं लांब गेले. कामात ती मनाशी गुणगुणायची, इस्त्रीच्या वाफेत ते कुणाला ऐकू जात नसे:

*चार टोकांची चादर, दोन टोकं माझ्या हाती,*
*दोन टोकांना धरून, उभं कोण पैलकाठी.*

धुलाईखान्यात हॉटेलांच्या चादरी यायच्या. आता हॉटेलं ओस पडत चालली होती, गठ्ठे रोडावले होते. त्यात निवडणूक झाली आणि माणसं दुभंगली. काहींच्या छातीवर पिवळी फीत, काहींच्या जांभळी. पाण्याचे नळ वेगळे झाले, यायची-जायची दारंही वेगळी झाली. कालपर्यंत एका डब्यात जेवणारी माणसं पाठीला पाठ लावून घास गिळू लागली.

मालक हुशार. प्रत्येक टेबलावर त्यानं एक पिवळी फीत आणि एक जांभळी अशी जोडी लावून दिली. "भांडतील खुशाल, पण एकत्र येऊन संप नाही करणार," असं तो मुकादमाला म्हणाला, आणि ते खरं ठरलं. मग त्यानं दुसरा नियम काढला: एका घरात एकच नोकरी. दोन जावा एकाच चुलीवर जेवतात असं कळलं, तर धाकटीला भर दुपारी घरी पाठवलं. "दिवस वाईट आहेत. सगळ्यांनीच थोडं थोडं सोसायचं," तो म्हणाला. खाली कामाच्या जागी पंखे बंद होते. त्याच्या खोलीतला तेवढा फिरत होता.

आज मुकादमानं मावशीच्या टेबलापाशी येऊन सांगितलं, "घडीचं यंत्र येतंय. त्याला एकच माणूस लागतं. तुम्हा दोघांतलं कोण ठेवायचं, ते मालक बोलावून विचारतील."

इस्त्रीवाली मावशीसारखीच जांभळ्या फितीची. ती लगेच मावशीच्या कानाशी लागली. "त्याच्यावर ढकल सगळं. कामचुकार आहे म्हण."

"बघू."

"बघू काय? तो तुझी गय करणार आहे का? अख्खा धुलाईखाना तुला मावशी म्हणतो. पिवळे म्हणतात, मालक म्हणतो. त्या मेल्याच्या तोंडून एकदा तरी मावशी ऐकलंस?"

ते खरंच होतं. झिपऱ्या तिला 'अगं ए' म्हणायचा, नाहीतर काहीच नाही.

"त्याच्या जिभेला तूच एकदा इस्त्री फिरव," मावशी म्हणाली.

इस्त्रीवाली हसली, मग तिनं आवाज खाली आणला. "नोकरी गेली तर घरी कोण आहे गं तुझ्या?"

"भिंती आहेत. चारी बाजूंनी."

आधी झिपऱ्याला बोलावणं आलं. तो निघाला तशी मावशी मोठ्यानं म्हणाली, "सांग हो सगळं! मागंपुढं बघू नकोस."

इस्त्र्या थांबल्या. कुणीतरी खिदळलं. झिपऱ्या वळला, त्याचे कान लाल झाले होते. "तू नको शिकवूस मला."

तो गेला. मावशीनं हनुवटीखाली चादर धरून एकटीनंच घडी घालायचा प्रयत्न केला. चादर निसटून जमिनीवर पडली.

तो परत आला तो खाली मान घालून. मग ती गेली.

"बस, मावशी," मालक म्हणाला. "तो म्हणतो, पहाटे तुझी मूठ वळत नाही. बोटं लाकडासारखी होतात. खरं?"

मावशी पंख्याकडे बघत राहिली.

"खरं."

"आणि त्याच्याबद्दल तुझं काय म्हणणं?"

एक शब्द पुरे होता. खाली अर्धा धुलाईखाना त्या शब्दाची वाट बघत होता.

"तोंडाचा फटकळ आहे," ती म्हणाली. "हात चांगला आहे."

"फीत जांभळी लावतेस आणि असं बोलतेस?"

"घडी घालताना फीत नाही बघत, मालक. टोक बघते."

मालकानं सुस्कारा सोडला. "मग यंत्रावर तोच बरा. तू उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

खाली बातमी तिच्या आधी पोचली होती. इस्त्रीवाली झिपऱ्याच्या अंगावर धावून गेली. "म्हाताऱ्या बाईच्या पोटावर पाय दिलास! तुझं भलं होणार नाही!"

"बसू दे तिला घरी," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "खूप झालं राबणं."

मावशीनं एप्रन खुंटीला अडकवला. कुणाला काही न सांगता ती जांभळ्यांच्या दारानं बाहेर पडली. नेहमीसारखीच लांबच्या वाटेनं, कालव्याच्या कडेकडेनं, एकटी. कुणी सोबत येतो म्हणालं तर ती रोज नको म्हणायची. आज कुणी म्हणालंच नाही.

जिना चढून ती खोलीत आली. भात टाकला. छातीवरची फीत काढून खिडकीत ठेवली. मग तेलाची बाटली घेऊन बसली, पण झाकण काही केल्या फिरेना. बोटं सरकत राहिली. बाटली मांडीत धरून ती आपली ओवी पुटपुटत राहिली, *उभं कोण पैलकाठी.*

जिन्यावर पावलं वाजली. कडी न वाजवताच कुणीतरी दार लोटलं. दारात झिपऱ्या उभा होता. खिशातून पिवळ्या फितीचं टोक डोकावत होतं.

तो आत आला. चपला काढून तिच्यापुढं बसला, तिच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडून तळहातावर तेल ओतलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"मूठ वळ बघू, आई."